दोन टक्क्यांची यादी आणि न चाललेले प्रयोग

पावसाळा सरता सरता जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची, इतरांनी त्यांचे शोधनिबंध किती उद्धृत केले यावरून ठरणारी यादी दरवर्षी जाहीर होते आणि कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत शिवाजी विद्यापीठातल्या प्राध्यापकांचे फोटो छापून येतात. सत्कार होतात, शाली-श्रीफळं दिली जातात. त्याच गावात दुसरी बाजूही तितक्याच तावातावाने बोलते. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथी या मराठा विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा प्रश्न केला आणि गदारोळ झाला. गदारोळ विरला, प्रश्न मात्र राहिला. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाने तीस वर्षं उत्प्रेरकांवर काम केलं, शंभरावर शोधनिबंध लिहिले, तर त्यातून कोल्हापूरला काय मिळालं, असं आता उघडपणे विचारलं जातं. उत्तर म्हणून विद्यापीठाचे पाठीराखे ती यादी पुढे करतात. हा वाद वाईट रीतीने चालला आहे असं मला वाटतं, कारण एक बाजू कागद मोजते, दुसरी बाजू कारखाने मोजते आणि ज्यासाठी आपण विद्यापीठ काढलं ते कोणीच मोजत नाही. उत्प्रेरणाच्या प्राध्यापकाची कारकीर्द दोन गोष्टींवर जोखावी: त्याने नोंदवलेली अभिक्रिया दुसऱ्या कोणाच्या हातात तशीच चालते का, आणि स्वतःच्या निष्कर्षावर शंका घ्यायला शिकलेली किती माणसं त्याच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडली. या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो, कायमची जागा लागते आणि त्या यादीत दिसत नाहीत.

आधी हे शास्त्र करतं काय, ते सांगायला हवं. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारा, तिचा वेग वाढवणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ, एवढी व्याख्या शाळेत पाठ होते. तिचा अर्थ मात्र कारखान्याच्या नाल्यापाशी कळतो. अंगदुखीवरची आयब्युप्रोफेन गोळी पूर्वी सहा टप्प्यांत बनायची आणि वापरलेल्या कच्च्या मालातले वजनाने जेमतेम ४० टक्के अणू गोळीत पोचायचे. बाकीचं सगळं टाकाऊ. १९९२ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये नव्या पद्धतीचा कारखाना सुरू झाला. तिथे उत्प्रेरकांच्या मदतीने तेच काम तीन टप्प्यांत होऊ लागलं आणि ते प्रमाण ७७ टक्क्यांवर गेलं. त्याच वर्षी रॉजर शेल्डन यांनी रसायन उद्योगाचा कचरा मोजण्याचं एक साधं माप मांडलं: एक किलो मालामागे किती किलो घाण. औषध उद्योगात हा आकडा २५ ते १०० किलोंपर्यंत आणि त्याच्याही वर जात होता. जुन्या पद्धतीत जी रसायनं किलोकिलोने घालून शेवटी ओतून द्यावी लागतात, त्यांची जागा चिमूटभर उत्प्रेरक घेऊ शकतो. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या, नदीत मेलेल्या माशांचा खच पाहिलेल्या माणसाला या शास्त्राचं महत्त्व आणखी पटवून द्यावं लागू नये.

आता विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा. तो खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या विद्यापीठांतून उत्प्रेरणावर निघणाऱ्या शोधनिबंधांचा मोठा भाग म्हणजे जुन्या अभिक्रियेला नवा उत्प्रेरक. इटलीच्या बिजिनेल्ली यांनी १८९१ साली जी अभिक्रिया मांडली, तिच्यासाठी आजवर शेकड्यांनी उत्प्रेरक सुचवले गेले आहेत. आम्लं, माती, राख, लिंबाचा रस, नॅनोकण, काहीही. बेन्झाल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइल यांची नोव्हेनागेल अभिक्रिया तर इतकी सहज होते, की अनेकदा उत्प्रेरक नसतानाही बऱ्यापैकी उतारा (हाती येणारा माल) मिळतो. तरीही तिच्यावर ‘कार्यक्षम, हरित, पुन्हा वापरता येण्याजोगा उत्प्रेरक’ अशा मथळ्याचे निबंध येतच राहतात. त्यांतल्या कितींत उत्प्रेरक न घालता केलेल्या प्रयोगाचा आकडा दिलेला असतो? गरम मिश्रण गाळून, घन उत्प्रेरक काढल्यावर अभिक्रिया थांबते की चालूच राहते, हे कितीजण तपासतात? पाच वेळा वापरला म्हणतात, पण पाचव्या खेपेला धातू द्रावणात झिरपला होता का, याचं उत्तर कुठे असतं? ज्या निबंधात हे नाही, त्याने मानवी ज्ञानात भर पडली असं म्हणणं अवघड आहे, मग तो कितीही वेळा उद्धृत झालेला असो. किंबहुना असे निबंध एकमेकांनाच उद्धृत करत राहतात आणि उद्धरणांवर उभी असलेली यादी ते इमानेइतबारे मोजते. म्हणून विद्यापीठाच्या बचावासाठी यादी पुढे करणं मला पटत नाही. तो बचाव विरोधकांच्या हातात कोलीत देतो.

पण हा पूर आला कुठून, हेही विचारलं पाहिजे. प्राध्यापकांना अचानक निबंधांचं व्यसन लागलं का? २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि प्रत्येक निबंधाला गुण लागले. २०१६ च्या नियमांतही पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून येणं सक्तीचं होतं, २०२२ मध्ये ती सक्ती काढली. कोणती नियतकालिकं धरायची याची ‘केअर’ नावाची अधिकृत यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ मध्ये रद्द झाली. पंधरा वर्षांत नियम इतक्यांदा फिरले, पण मोजायचं काय ते बदललं नाही: संख्या. ज्याला दोन वर्षांत बढतीसाठी अर्ज करायचा आहे, त्याने पाच वर्षं खाणारा प्रश्न हातात का घ्यावा? बेन्झाल्डिहाइडची बाटली कपाटात असते आणि निबंध सहा महिन्यांत होतो. शहाणी माणसंही अशा नियमांखाली तेच करतील. त्यामुळे ‘बघा, हे लोक काय छापतात’ म्हणून विद्यापीठातलं संशोधन बंद करायला निघालेल्यांनी रोग ओळखला आहे, पण औषध म्हणून रोग्यालाच घराबाहेर काढायचं ठरवलं आहे.

त्यांचा दुसरा मुद्दा असा, की पैसा मर्यादित आहे तेव्हा संशोधन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने आणि आयआयटी, आयसरने करावं. राज्य विद्यापीठांनी शिकवावं. उपकरणांच्या बाबतीत यात तथ्य आहे. एनएमआर या रेणूंची रचना ओळखणाऱ्या यंत्राच्या चुंबकाला द्रव हेलियम ठरावीक काळाने भरावा लागतो, तो परदेशातून येतो, महाग असतो. प्रत्येक गावात असं यंत्र ठेवणं परवडणार नाही हे मान्य. पण उत्प्रेरणाचा इतिहास मोठ्या शहरांतल्या श्रीमंत प्रयोगशाळांचाच आहे का? पॉल साबातिए यांनी निकेलच्या भुकटीवर हायड्रोजन जोडण्याची पद्धत शोधली ती फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या तुलूझ या गावात. पुढे तेलापासून वनस्पती तूप बनवण्याचा उद्योग याच पायावर उभा राहिला आणि आपल्या घराघरांत पोचला. पॅरिसमधून मोठ्या पदांची बोलावणी आली तेव्हा त्यांनी नकार दिला. १९१२ चं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते तुलूझमध्येच होते आणि ते ज्यांच्याबरोबर विभागून मिळालं ते ग्रीन्यार फ्रान्समधल्याच नॅन्सी शहरात शिकवत होते. म्हणजे दोघंही राजधानीबाहेरचे. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचं सदस्य व्हायला तोवर पॅरिसमध्ये राहणं आवश्यक होतं. १९१३ मध्ये बाहेरच्यांसाठी जागा काढल्या गेल्या आणि पहिली निवड साबातिए यांची झाली. त्यांनी तुलूझमध्ये रसायन, विद्युत आणि शेती यांच्या संस्था उभ्या करण्यात आयुष्य घातलं. ते पॅरिसला गेले असते तर पॅरिसला आणखी एक मोठा माणूस मिळाला असता. तुलूझचं काय झालं असतं?

दुसरं उदाहरण आणखी जवळचं आहे. अकिरा सुझुकी जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदोतल्या मुकावा या छोट्या गावात जन्मले, होक्काइदो विद्यापीठातच शिकले, दोन वर्षं अमेरिकेत एच. सी. ब्राउन यांच्याकडे बोरॉनचं रसायनशास्त्र शिकून परत आले आणि १९९४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. बोरॉनची ही संयुगं फारशी क्रियाशील नाहीत म्हणून बाकीच्यांनी सोडून दिली होती. सुझुकी आणि त्यांचे सहकारी मियाउरा यांनी पॅलेडियम या धातूच्या साहाय्याने त्यांना कार्बन-कार्बन बंध जोडायला लावलं, ते १९७९ मध्ये. त्यांनी पेटंट घेतलं नाही. रक्तदाबावरच्या लोसार्टनसारख्या गोळ्या बनवताना ही अभिक्रिया वापरली जाते, आणि त्या गोळ्या आज कोल्हापुरात कोणत्याही औषध दुकानात मिळतात. नोबेल आलं २०१० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. निवृत्तीच्या दिवशी त्यांना कोणी ‘काय दिवे लावले’ असं विचारलं असतं तर त्यांच्याकडे दाखवायला कारखाना नव्हता. होती ती एक अशी अभिक्रिया, जी जगात कोणीही करून पाहिली तरी चालते.

‘कोणीही करून पाहिली तरी चालते’ ही कसोटी किती कठीण आहे, याचा पुरावाही याच अभिक्रियेच्या इतिहासात सापडतो. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या एका गटाने पॅलेडियम न घालताच ही जोडणी होते असा दावा केला. खळबळ उडाली. दोन वर्षांनी त्याच गटाने स्वतःचं काम पुन्हा तपासून जाहीर केलं, की बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात पन्नास भाग इतकं पॅलेडियम होतं आणि काम तेच करत होतं. अब्जात पन्नास! माझ्या मते त्या गटाचा पहिल्यापेक्षा हा दुसरा निबंध मोठा. पण आपल्या गुणपद्धतीत अशा निबंधाला जास्तीचे गुण आहेत का? उलट, आधीचा दावा मागे घेतल्याने माणूस खाली जातो. मग सोडियम कार्बोनेटची बाटली पुन्हा तपासायची तसदी कोण घेईल?

‘तुमच्या उत्प्रेरकातून कारखाना कुठे निघाला’ या प्रश्नाकडेही सरळ बघू. जर्मनीच्या हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला, पण खताचा कारखाना होण्याआधी बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो मिश्रणं तपासली. त्यात स्वीडनमधल्या एका खाणीचं लोहखनिज अनपेक्षितपणे चाललं. शुद्ध लोखंड चालत नव्हतं आणि हे चालत होतं, कारण त्यात योग्य त्या अशुद्धी होत्या. अशुद्धींचं हे महत्त्व कळलं ते, न चाललेलीही धरून, हजारो मिश्रणं पद्धतशीरपणे तपासली गेली म्हणून. जगातली निम्म्याच्या आसपास माणसं आज त्या खताच्या अन्नावर जगतात, असा अंदाज केला जातो. एवढं तपासायला अवाढव्य कंपनी लागली. एका विद्यापीठाच्या विभागाकडून ते मागणं अन्यायाचं आहे. पण याच्या उलटही उदाहरण आहे. प्रोलीन हे साधं, स्वस्त अमिनो आम्ल स्टिरॉइड बनवताना उत्प्रेरक म्हणून वापरलं गेलं १९७१ च्या सुमारास. ते तसं का चालतं आणि आणखी कुठे चालेल, हे बेंजामिन लिस्ट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तपासलं. २०२१ चं नोबेल त्या वाटेला मिळालं. प्रोलीनची बाटली त्या तीस वर्षांत आपल्याकडच्या कोणत्या प्रयोगशाळेत नव्हती? म्हणून जुन्या अभिक्रियेवर काम करण्यात कमीपणा नाही. जुन्या अभिक्रियेला तोच जुना प्रश्न विचारत राहण्यात आहे. आणि नवा प्रश्न विचारायचा तर काही वर्षं काहीच न छापता काढण्याची मुभा माणसाला हवी.

शिकवणं वेगळं आणि संशोधन वेगळं, ही विभागणी तर मला सगळ्यांत घातक वाटते. एका रसायन कंपनीत मी नव्या एम.एस्सी. मुलामुलींच्या मुलाखती घेत असतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची मुलं ऑरगॅनिक करून लोटे, कुरकुंभ, महाड, वापी, हैदराबाद अशी सगळीकडे जातात. गुणपत्रिका साऱ्यांच्या सारख्याच असतात. मी विचारतो, पॅलेडियम-कार्बन (कोळशावर चढवलेला उत्प्रेरक) गाळलं आहेस का? ज्याने केवळ पुस्तक वाचलं तो अभिक्रिया सांगतो. ज्याने संशोधन करणाऱ्या गाईडजवळ प्रकल्प केला ती मुलगी किंवा मुलगा पहिलं वाक्य बोलतो ते असं: गाळणीवरचा लगदा कोरडा पडू द्यायचा नाही, हवेत पेट घेतो. हे ज्ञान गुळव्याच्या ज्ञानासारखं आहे. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे त्याला कळतं ते अनेक हंगाम आच सोसल्यामुळे, आणि त्याच्या शेजारी उभं राहिल्याखेरीज ते दुसऱ्याला मिळत नाही. प्रयोगशाळेत हात घालणं थांबवलेला प्राध्यापक दहा वर्षांनी काय शिकवेल? आणि अशा शिक्षकांकडून शिकलेली मुलं कारखान्यात दोन हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरपाशी उभी राहतील तेव्हा तापमान हाताबाहेर जातंय हे त्यांना कशावरून कळेल? वर्तमानपत्रात स्फोटाची बातमी येते तेव्हा आपण कारखान्याला दोष देतो, क्वचित सरकारला. शिक्षणाचा धागा कोणी शोधत नाही.

कोल्हापूरला म्हणून काही देता येईल का? येईल, आणि इथे प्राध्यापकांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. हा जिल्हा उसाचा. उसाच्या चिपाडातल्या पेंटोसान शर्करांपासून आम्ल उत्प्रेरकाने फर्फ्युरल हे उद्योगाला लागणारं रसायन बनतं; अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ओटच्या टरफलांपासून ते कारखान्यात बनू लागलं होतं. मळीच्या अल्कोहोलपासून अ‍ॅल्युमिनाच्या उत्प्रेरकावर इथिलीन मिळतं, आणि आपल्याच देशात या मार्गाने ग्लायकॉल बनवलं गेलं आहे. आज आपल्या कारखान्यांचं इथेनॉल मुख्यतः पेट्रोलमध्ये जातं. ते धोरण बदललं, तर पुढचा रस्ता कोणी शोधून ठेवला आहे का? चिपाडाच्या राखेवर धातू चढवून पुन्हा नोव्हेनागेल करण्याऐवजी, त्याच चिपाडात दडलेल्या रसायनाचा प्रश्न घेतला तर तो अवघड जाईल, उशिरा सुटेल, पण इथला असेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्यात जन्मलेले गणपती यादव मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत उत्प्रेरणावर काम करत कुलगुरुपदापर्यंत पोचले, त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा अभिमान आपण बाळगतो. पण तसं काम करायला मुंबईच का गाठावी लागते, हा प्रश्न आपण विचारत नाही.

याचं एक उत्तर आपल्याला ठाऊक आहे. विभागांतल्या कायम जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर शिकवणारा नेट-सेट, पीएच.डी. झालेला तरुण एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावतो. त्याला पुढच्या जूनमध्ये काम असेल की नाही हे माहीत नसतं. अशा माणसाने पाच वर्षांचा प्रश्न हातात घ्यावा? राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं, ते मध्येच थांबलं, महाराज १९२२ मध्ये गेले आणि धरण पुरं झालं १९५० च्या दशकात. त्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे. आज ज्या तऱ्हेने आपण विद्यापीठाचा हिशेब मागतो त्या तऱ्हेने तेव्हा मागितला असता, तर त्या भिंतीला बिनकामाची म्हणून पाडायचा ठराव झाला असता. बंगालचे रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९६ मध्ये मर्क्युरस नायट्राइट या पाऱ्याच्या संयुगाचा शोध लावला, पण त्यांची खरी मिळकत त्यांच्या शिष्यांची रांग होती: ज्ञानचंद्र घोष पुढे खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले, नीलरतन धर यांनी अलाहाबादला रसायनशास्त्राचा विभाग वाढवला. साठी झाल्यावर राय आपला पगार विद्यापीठालाच रसायनशास्त्रासाठी देत राहिले आणि पंचाहत्तरीपर्यंत शिकवत राहिले. इतका त्याग कोणाकडून मागू नये. पण एका जागी दीर्घकाळ राहिल्याशिवाय अशी रांग तयार होत नाही, एवढं तरी त्यातून घ्यावं.

जागा भरणं मंत्रालयाच्या हातात आहे आणि त्यासाठी कोल्हापुरातल्या सर्व पक्षांच्या आमदारांना एकत्र धरलं पाहिजे. काही गोष्टी मात्र विद्यापीठाला आजच करता येतील. दोन टक्क्यांच्या यादीची बातमी देताना त्याच पानावर हेही छापा: या प्राध्यापकाचे विद्यार्थी आज कुठे काय करतात, त्याच्या कोणत्या अभिक्रिया दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहिल्या गेल्या, कोणता दावा त्याने स्वतः दुरुस्त केला. उत्प्रेरणावरचा प्रबंध स्वीकारताना तीन गोष्टी सक्तीच्या करा: उत्प्रेरकाशिवाय केलेला प्रयोग, गरम गाळणीची चाचणी आणि वापरानंतर द्रावणातल्या धातूचं मोजमाप. आणि प्रत्येक प्रबंधाला न चाललेल्या प्रयोगांचं परिशिष्ट जोडा, तापमान, द्रावक, वेळ आणि उतारा यांच्या नोंदींसह. दहा वर्षांत त्यातून असा साठा तयार होईल, की पुढच्या विद्यार्थ्याला तीच भिंत पुन्हा डोक्याने फोडावी लागणार नाही. याला फारसा पैसा लागत नाही. विद्या परिषदेच्या एका ठरावात हे होऊ शकतं.